माणसाच्या वागण्याचे शब्द: इंग्रजीतून स्लोव्हाकमध्ये जाण्याची पद्धत

टाटा मोटर्सने 2008 मध्ये जग्वार लँड रोव्हर ही कंपनी विकत घेतली आणि 2018 मध्ये त्या कंपनीचा कारखाना स्लोव्हाकियातील नित्रा शहरात सुरू झाला. त्यामुळे पिंपरी आणि नित्रा ही दोन गावे एकाच उद्योगसमूहाच्या नकाशावर आली. कामानिमित्त, शिक्षणानिमित्त किंवा लग्नामुळे स्लोव्हाक भाषेशी संबंध येणारा मराठी माणूस ती भाषा बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने शिकतो, कारण उपलब्ध पुस्तके आणि ॲप इंग्रजीतूनच शिकवतात. भाजी, बस आणि हवामान यांच्या शब्दांपर्यंत ही मध्यस्थी पुरते. सहकारी कसा आहे, शेजारीण कशी वागली, मुलाचे शाळेत वर्तन कसे आहे हे सांगण्याची वेळ आली की मात्र एका इंग्रजी शब्दासमोर एक स्लोव्हाक शब्द मांडलेली यादी निरुपयोगी ठरू लागते, कारण वर्तनाच्या शब्दात वर्णनाबरोबर निवाडाही असतो आणि तो निवाडा प्रत्येक भाषा आपल्या पद्धतीने देते. पुढील पद्धतीचे सूत्र एवढेच आहे की असा शब्द एकटा पाठ करू नये. त्याची छटा, त्याचे रूप आणि त्याला लागणारी विभक्ती या तिन्ही गोष्टींसह तो वहीत उतरवावा. या तिन्ही बाबतींत इंग्रजीपेक्षा मराठीच पुष्कळदा अधिक उपयोगी पडते.

पहिली पायरी: वहीतील लेखन ठरवून घ्यावे

स्लोव्हाक भाषा रोमन लिपीत चिन्हांसह लिहिली जाते आणि ती मूळ जोडणी शिकावी लागतेच. परंतु उच्चारासाठी शेजारी देवनागरी लिहिण्याचा मोठा फायदा होतो. मराठीत ‘चाक’ आणि ‘चार’ यांतील ‘च’ वेगवेगळे आहेत. स्लोव्हाकमध्ये हे दोन ध्वनी दोन स्वतंत्र अक्षरांनी दाखवतात, डोक्यावर चिन्ह नसलेले अक्षर ‘चाक’मधल्या ‘च’साठी (पुढील शब्दांत तो ‘त्स’ असा लिहिला आहे) आणि चिन्ह असलेले ‘चार’मधल्या ‘च’साठी. घोष ‘ह’ आपल्याकडे आहेच. ‘र’ हा स्वराचे काम करतो तेव्हा तो आपल्या ऋकारासारखा लिहिता येतो, म्हणून उद्धट या अर्थाचा शब्द ‘दृझी’ आणि हट्टी या अर्थाचा शब्द ‘त्वृदोह्लवी’ असा लिहावा. या भाषेत हा ऋकार दीर्घही असतो, आणि वर्णमालेत नावापुरता उरलेला आपला दीर्घ ‘ॠ’ येथे खरोखर कामाला येतो: तुच्छ लेखणे म्हणजे ‘पोहॄदत्य्’.

‘द’, ‘त’, ‘न’ यांच्यापुढे ‘ए’ किंवा ‘इ’ आला की देशी शब्दांत ते मृदू होतात, म्हणून नकारार्थी उपसर्ग ‘न्ये’ असा उच्चारावा. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर असतो. ऱ्हस्व-दीर्घाकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे, कारण देवनागरीत ऱ्हस्व आणि दीर्घ ‘आ’ वेगळे दिसत नाहीत. वहीत दीर्घ अक्षराखाली रेघ ओढावी.

दुसरी पायरी: ‘बिहेवियर’ या शब्दाचे तुकडे करावेत

इंग्रजीतील ‘बिहेवियर’साठी नेहमीचा शब्द ‘स्प्रावन्ये’ हा आहे आणि वागणे हे क्रियापद ‘स्प्रावत्य् सा’ असे आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात विषयांच्या गुणांबरोबर ‘स्प्रावन्ये’ची वेगळी श्रेणी असते: 1 म्हणजे अत्यंत चांगले, 2 समाधानकारक, 3 कमी समाधानकारक आणि 4 असमाधानकारक. पालक म्हणून हा शब्द तेथे प्रथम भेटतो. स्वभावासाठी ‘पोवहा’ आणि एखाद्या गुणासाठी ‘व्लस्तनोस्त्य्’ हे शब्द वापरतात.

‘कोनन्ये’ म्हणजे कृती. पण सरकारी कागदावर तो शब्द दिसला की त्याचा अर्थ कार्यवाही असा असतो. न्यायालयीन कार्यवाहीलाही तेच नाव आहे. ‘स्प्रावा’ हे नाम निरोप, अहवाल किंवा प्रशासन या अर्थांनी येते, त्यामुळे कार्यालयाच्या दारावर या कुळातला शब्द दिसल्यास तो कोणाच्या वागण्याविषयी आहे असे समजू नये. ॲपमधून ‘खोवन्ये’सारखा शब्द आल्यास तो शेजारच्या चेक भाषेतून डोकावला असण्याची शक्यता धरावी. चेकमध्ये त्याचा भाऊबंद वर्तनासाठी सर्रास चालतो, परंतु प्रमाण स्लोव्हाकमध्ये त्या धातूचा संबंध मुख्यतः जनावरे पाळण्याशी जोडला जातो.

तिसरी पायरी: एका इंग्रजी शब्दामागे कोणते शब्द आहेत ते शोधावे

सर्वाधिक वेळ या पायरीला द्यावा. ‘ऑनेस्ट’ हा इंग्रजी शब्द घ्या. त्याच्यासाठी स्लोव्हाकमध्ये किमान तीन शब्द रोजच्या वापरात आहेत. ‘ऊप्रिम्नी’ म्हणजे मनात आहे तेच बोलणारा, निष्कपट. सांत्वन करताना ‘ऊप्रिम्नू सूस्त्रस्त्य्’ असे म्हणतात, म्हणजे मनापासून सहवेदना. ‘पोत्स्तिवी’ म्हणजे व्यवहारात आणि कामात प्रामाणिक; दुकानदार, सुतार किंवा हिशेबनीस याची स्तुती या शब्दाने करावी. ‘चेस्त्नी’ हा शब्द मान या अर्थाच्या नामापासून आला आहे, म्हणून शब्दाला जागणारा, न्यायाने वागणारा माणूस ‘चेस्त्नी’ असतो, आणि मानद सदस्यालाही तेच विशेषण लागते. परदेशी नागरिकाला कधीतरी ‘चेस्त्ने विह्लासेन्ये’ नावाचा कागद सही करून द्यावा लागतो. तो आपल्याकडील स्वयंघोषणापत्राच्या जवळ जाणारा आहे. मराठीत सरळ, प्रामाणिक आणि सचोटीचा हे तीन शब्द आपण ज्या भेदाने वापरतो, त्याच्या आसपास ही विभागणी येते. ‘ऑनेस्ट’ला चिकटून राहिल्यास तो भेद दिसतच नाही.

‘प्राउड’चेही तसेच आहे. ‘हृदी’ म्हणजे अभिमान असलेला, ‘पिश्नी’ म्हणजे बहुधा गर्विष्ठ. मुलाच्या यशाविषयी बोलताना लोक ‘पिश्नी’ही म्हणतात, तथापि शिकणाऱ्याने अभिमानासाठी ‘हृदी’ वापरणे सुरक्षित असते. त्यांच्या नामांत भेद अधिक स्पष्ट होतो: ‘हृदोस्त्य्’ म्हणजे स्वाभिमान आणि ‘पीखा’ म्हणजे गर्व, ज्याच्यामागून ऱ्हास येतो असे म्हण सांगते. स्वतःविषयी भलत्या कल्पना असलेल्याला ‘नमिस्लेनी’ म्हणतात आणि त्यात कौतुकाचा अंशही नसतो.

‘पोलाइट’साठी दोन शब्द आहेत. ‘झ्द्वोरिली’ म्हणजे शिष्टाचार पाळणारा, अदबशीर. ‘स्लुश्नी’ अधिक व्यापक आहे: सभ्य, नेटका, बरा, चांगल्यापैकी पगारालाही ‘स्लुश्नी’ म्हणतात. या साध्या शब्दाला राजकीय वजनही आलेले आहे. शोधपत्रकार यान कुत्सियाक आणि त्यांची वाग्दत्त वधू मार्तिना कुश्नीरोवा यांची फेब्रुवारी 2018 मध्ये हत्या झाल्यानंतर देशभर जी निदर्शने झाली, त्यांचे घोषवाक्य ‘झा स्लुश्ने स्लोवेन्स्को’, म्हणजे सभ्य स्लोव्हाकियासाठी, असे होते आणि त्याच मार्चमध्ये पंतप्रधान रोबेर्त फित्सो यांना पद सोडावे लागले. एखादा स्लोव्हाक माणूस राजकारणाविषयी बोलताना हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला चमच्या-काट्याचे शिष्टाचार अभिप्रेत नसतात.

‘रूड’साठी ‘ह्रुबी’, ‘दृझी’ आणि ‘न्येस्लुश्नी’ हे शब्द आहेत. मोठ्या माणसाला उलट उत्तर देणारे पोर ‘दृझी’ असते. शिवराळ, दांडगा माणूस ‘ह्रुबी’. ‘ह्रुबी’चा मूळ अर्थ जाड किंवा खडबडीत असा आहे, आणि पगाराच्या पावतीवर कपातीपूर्वीच्या रकमेला ‘ह्रुबा म्झ्दा’ असे लिहिलेले असते. हातात येणारी रक्कम ‘चिस्ता’, म्हणजे स्वच्छ.

बाकीचे बरेचसे शब्द सरळ आहेत आणि त्यांच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही: आळशी ‘लेनिवी’, कष्टाळू ‘प्रत्सोविती’, उदार ‘श्त्येद्री’, कंजूष ‘लकोमी’, स्वार्थी ‘सेबेत्स्की’, विनम्र ‘स्क्रोम्नी’, भित्रा ‘झ्बबेली’, धाडसी ‘ओद्वाझ्नि’, भरवशाचा ‘स्पोल्यह्लिवी’.

चौथी पायरी: ओळखीचे वाटणारे शब्द आधी बाजूला काढावेत

लॅटिन-ग्रीक मुळांचे शब्द दोन्ही भाषांत असल्यामुळे ते फुकटात मिळाल्यासारखे वाटतात, आणि वर्तनाच्या क्षेत्रात नेमके तेच शब्द घोटाळा करतात. ‘सिम्पतित्स्की’ म्हणजे सहानुभूती असलेला नव्हे. त्याचा अर्थ आवडून जाणारा, लोभस असा आहे, आणि इंग्रजीतील ‘सिंपथेटिक’साठी ‘सूत्सित्नी’ म्हणावे लागते. ‘पतेतित्स्की’ माणूस दयनीय नसतो. तो भावनांचे नाटकी प्रदर्शन करणारा असतो. ‘सेरिओझ्नि’ म्हणजे विश्वासार्ह, प्रतिष्ठित, उदाहरणार्थ कंपनी किंवा ग्राहक. गंभीर स्वभावाच्या माणसाला ‘वाझ्नि’ म्हणतात. ‘गेनिआल्नि’ म्हणजे प्रतिभावान किंवा अफलातून, केवळ हसतमुख माणसासाठी तो शब्द नाही. समंजस या अर्थाच्या ‘सेन्सिबल’साठी ‘रोझुम्नी’ आणि संवेदनशील या अर्थाच्या ‘सेन्सिटिव्ह’साठी ‘त्सित्लिवी’ लिहून ठेवावे, कारण ‘सेन्झिबिल्नी’ हा स्लोव्हाक शब्द दिसतो पहिल्यासारखा आणि अर्थाने जातो दुसऱ्याकडे.

या गटातील सर्वांत धोक्याचा शब्द ‘ओर्दिनार्नि’ हा आहे. इंग्रजीतील साधा, सामान्य हा अर्थ गृहीत धरून आपल्या सासूबाई साध्या आहेत असे कोणी या शब्दाने सांगितले, तर ऐकणाऱ्याला त्या असभ्य आणि अर्वाच्य आहेत असे समजेल.

पाचवी पायरी: विशेषणाचे लिंग, आणि मराठी सवयीचा उलटा धडा

तीन लिंगे, लिंगाप्रमाणे बदलणारे विशेषण आणि विभक्ती यांमुळे मराठी माणसाला येथे नवे तत्त्व शिकावे लागत नाही. प्रत्यय मात्र अगदी उलट आहेत. मराठीत चांगला मुलगा आणि चांगली मुलगी. स्लोव्हाकमध्ये पुल्लिंगी विशेषण दीर्घ ईकाराने आणि स्त्रीलिंगी आकाराने संपते. गोड स्वभावाचा मुलगा ‘मिली ख्लपेत्स’, गोड स्वभावाची स्त्री ‘मिला झेना’. नपुंसकलिंगात दोन्ही भाषा एकत्र येतात, कारण चांगले मूल तसे ‘मिले’. मुलीसाठी रोज वापरला जाणारा शब्द ‘द्येव्चा’ हा मात्र नपुंसकलिंगी आहे, म्हणून ‘मिले द्येव्चा’. पहिले काही आठवडे प्रत्येक विशेषण तिन्ही रूपांत मोठ्याने म्हणणे हाच याला उपाय आहे.

येथे लयीचा एक नियम लागू होतो. लागोपाठच्या दोन अक्षरांत दीर्घ स्वर सहसा येत नाहीत. म्हणून विशेषणाचे उपान्त्य अक्षर दीर्घ असले की प्रत्यय ऱ्हस्व होतो. ‘मिली’चा शेवट दीर्घ, पण ‘वाझ्नि’, ‘ओद्वाझ्नि’ आणि चिक्कू या अर्थाचा ‘स्कूपि’ यांचा शेवट ऱ्हस्व. काही अपवाद आहेत, तरी वागण्याच्या विशेषणांपुरता हा नियम भरवशाचा आहे.

विरुद्धार्थी शब्दांत मोठी सवलत मिळते. इंग्रजीत कोणत्या शब्दाला कोणता नकारार्थी उपसर्ग लावायचा हे स्वतंत्रपणे पाठ करावे लागते; स्लोव्हाकमध्ये ‘न्ये’ बहुतेक ठिकाणी चालतो. जबाबदार ‘झोत्पोवेद्नी’ आणि बेजबाबदार ‘न्येझोत्पोवेद्नी’, सहनशील ‘तृपेझ्लिवी’ आणि उतावळा ‘न्येतृपेझ्लिवी’. त्याशिवाय ‘बेझ्’ हा उपसर्ग अभाव दाखवतो: दुसऱ्याचा विचार करणारा ‘ओह्ल्यदुप्ल्नी’ असतो, तर कोणाचीही पर्वा न करणारा ‘बेझोह्ल्यद्नी’. आपल्या ‘बे’ या उपसर्गाशी त्याचे काम जुळते.

गुणाचे नाम करण्यासाठी बहुतेक वेळा ‘ओस्त्य्’ लावतात आणि अशी सर्व नामे स्त्रीलिंगी असतात. सहनशीलता म्हणजे ‘तृपेझ्लिवोस्त्य्’, जबाबदारी म्हणजे ‘झोत्पोवेद्नोस्त्य्’. ‘तृपेझ्लिवोस्त्य् रुझे प्रिनाशा’, म्हणजे धीर गुलाब आणतो, ही म्हण पाठ करावी. तिच्यात प्रत्ययही लक्षात राहतो. कंजूषपणा ‘लकोम्स्त्वो’ आणि स्वार्थ ‘सेबेत्स्त्वो’ ही दुसऱ्या प्रत्ययाची नपुंसकलिंगी नामे वेगळी नोंदवावीत.

सहावी पायरी: क्रियाविशेषण वेगळे ठेवावे

‘तो चांगला वागतो, ती चांगली वागते’ असे आपण म्हणतो, म्हणजे क्रियेचे वर्णन करतानाही मराठी शब्द लिंगाप्रमाणे बदलतो. स्लोव्हाकमध्ये असे करता येत नाही. वागणे या क्रियापदाबरोबर न बदलणारे क्रियाविशेषणच हवे: ‘स्प्रावा सा स्लुश्न्ये’ हे वाक्य त्याला, तिला आणि मुलालाही लागू पडते. त्याचा शेवट कधी ‘ए’, कधी ‘ओ’ असतो: मनापासून ‘ऊप्रिम्न्ये’, पण धीराने ‘तृपेझ्लिवो’, उद्धटपणे ‘दृझो’. ही रूपे विशेषणाच्या ओळीतच लिहावीत.

सातवी पायरी: क्रियापद विभक्तीसह लिहावे

वर्तनाविषयीचे बोलणे विशेषणांपेक्षा क्रियापदांनी अधिक होते. अशा अनेक क्रियापदांबरोबर ‘सा’ हा छोटा शब्द येतो, जो वाक्यात दुसऱ्या स्थानाकडे सरकतो: ‘अको सा स्प्रावा?’ म्हणजे तो कसा वागतो. ‘सा’ गाळल्यास अर्थ बदलू शकतो. ‘हादत्य्’ म्हणजे अंदाज करणे, ‘हादत्य् सा’ म्हणजे भांडणे. म्हणून ‘सा’ हा क्रियापदाचा भागच समजावा.

त्यानंतर विभक्ती. कोणावर रागावणे हे ‘ह्न्येवत्य् सा’ नंतर ‘ना’ हे अव्यय आणि द्वितीया, असे बांधले जाते. तक्रार करणे, ‘स्त्याझोवत्य् सा’, आणि मत्सर वाटणे, ‘झ्यार्लित्य्’, यांनाही ‘ना’ व द्वितीयाच लागते. हेवा करणे, ‘झाविद्येत्य्’, याला मात्र ज्याचा हेवा करायचा त्याची चतुर्थी आणि ज्या गोष्टीचा करायचा तिची द्वितीया. मराठीत हेवा ‘त्याचा’ केला जातो, म्हणून येथे षष्ठी लावण्याचा मोह टाळावा. विश्वास ठेवणे, ‘दुओवेरोवत्य्’, चतुर्थी घेते. कोणाशी वागणे यासाठी ‘क’ हे अव्यय आणि चतुर्थी वापरावी. बढाई मारणे, ‘ख्वालित्य् सा’, आणि तुच्छ लेखणे, ‘पोहॄदत्य्’, ही तृतीया घेतात. आपण फुशारकी ‘कशाची’ मारतो, ते ‘कशाने’ मारतात. भिणे, ‘बात्य् सा’, षष्ठी घेते, आणि आपल्या ‘सापाची भीती’ या रचनेमुळे ते लक्षात ठेवायला सोपे जाते. थट्टा करणे या अर्थाचे ‘विस्म्येवत्य् सा’ चतुर्थी घेते, अगदी आपल्या ‘त्याला हसणे’ या रचनेसारखे.

भावना अंगावर येते तेव्हा ‘मला’ने सुरुवात करण्याची आपली सवयही येथे उपयोगी पडते. ‘ये मि ल्यूतो’ म्हणजे मला वाईट वाटते. ‘ये मि झिमा’ म्हणजे मला थंडी वाजते. दोन्हींत माणूस चतुर्थीत आहे. इंग्रजीतून शिकणारा येथे कर्ता शोधत बसतो.

प्रत्येक क्रियापदाची अपूर्ण आणि पूर्ण अशी जोडीही लिहावी. खोटे बोलण्याची सवय किंवा चालू क्रिया ‘क्लमत्य्’ने सांगतात, एकदाच कोणाला फसवले असेल तर ‘ओक्लमत्य्’ने. अपमान करत राहणे ‘उराझत्य्’, एकदा अपमान करणे ‘उरझित्य्’. तक्रार करताना ही निवड महत्त्वाची ठरते, कारण चुकीच्या रूपाने एका प्रसंगाचे रूपांतर समोरच्याच्या स्वभावात होते.

आठवी पायरी: संबोधनासह वाक्य तयार करावे

तू आणि तुम्ही यांचा भेद स्लोव्हाकमध्ये आहे. एकेरी बोलण्याला ‘तिकन्ये’ आणि आदरार्थी बोलण्याला ‘विकन्ये’ म्हणतात. अनोळखी प्रौढ व्यक्ती, शिक्षक, डॉक्टर आणि कार्यालयातील कर्मचारी यांच्याशी ‘विकन्ये’ करावे आणि एकेरीवर येण्याचा प्रस्ताव वयाने किंवा पदाने मोठ्या व्यक्तीकडून येऊ द्यावा. आदरार्थी वाक्यात क्रियापद अनेकवचनी होते, परंतु विशेषण एकवचनीच राहून व्यक्तीचे लिंग दाखवते. आपण बाईंना ‘तुम्ही फार चांगल्या होतात’ असे म्हणताना विशेषणही आदरार्थी अनेकवचनात नेतो; स्लोव्हाकमध्ये ‘बोलि स्त्ये मिला’ असेच म्हणावे लागते. नम्र विनंतीचा नेहमीचा साचाही असाच आहे: स्त्रीला ‘बुत्ये तका लास्कवा’, पुरुषाला ‘बुत्ये तकी लास्कवी’, म्हणजे एवढी कृपा करावी. हा साचा पाठ झाला की ‘काइंड’साठी ‘लास्कवी’ आणि ‘मिली’ यांतील फरकही कळतो: ‘लास्कवी’ म्हणजे दयाळू, कृपाळू, तर ‘मिली’ म्हणजे लाघवी, प्रेमळ, आणि पत्राच्या मायन्यातील ‘प्रिय’ही.

नववी पायरी: वाक्प्रचार सावकाश घ्यावेत

वाक्प्रचार बोलण्यापेक्षा आधी ओळखता यावेत. काही आपल्या घरचेच वाटतात. क्षुल्लक गोष्ट मोठी करणाऱ्याविषयी ‘रोबित्य् स कोमारा सोमारा’ म्हणतात, म्हणजे डासाचे गाढव करणे. आपण राईचा पर्वत करतो. निगरगट्ट माणसाची कातडी आपल्याकडे गेंड्याची, त्यांच्याकडे पाणघोड्याची: ‘मत्य् ह्रोश्यु कोझु’. डोक्यावर लोणी असणे, ‘मत्य् मस्लो ना ह्लवे’, म्हणजे स्वतःच कुठेतरी दोषी असणे. ‘मत्य् सृत्से ना द्लनि’ यात हृदय तळहातावर असते आणि तो माणूस मोकळ्या मनाचा, उदार असतो. तळहातावर शिर घेणारा आपला वीर त्याच्या जवळपासही नाही, म्हणून शब्दशः अर्थावरून अंदाज करू नये.

दहावी पायरी: नोंद तपासूनच पक्की करावी

एका शब्दाची पूर्ण नोंद अशी दिसते. वर ‘स्पोल्यह्लिवी’, तिन्ही लिंगांची रूपे. खाली ‘स्पोल्यह्लिवो’ हे क्रियाविशेषण, ‘स्पोल्यह्लिवोस्त्य्’ हे स्त्रीलिंगी नाम, ‘न्येस्पोल्यह्लिवी’ हा विरुद्धार्थी शब्द आणि कुळातले क्रियापद ‘स्पोल्यह्नूत्य् सा’, भरवसा ठेवणे, ‘ना’ व द्वितीयेसह. शेवटी छटेचा एक शब्द: स्तुती, निंदा किंवा तटस्थ. इंग्रजी अर्थ लिहायचाच असेल तर सर्वांत शेवटी लिहावा.

नोंद तपासण्यासाठी ब्रातिस्लाव्हातील स्लोव्हाक विज्ञान अकादमीच्या ल्युदोवीत श्तूर भाषाविज्ञान संस्थेचे शब्दकोश संकेतस्थळ वापरावे. तेथे अनेक एकभाषी कोश एकाच शोधात आणि विनामूल्य पाहता येतात. कोश समजत नसला तरी शब्दापुढील उदाहरणे वाचावीत, कारण विभक्ती तेथेच दिसते. त्याच संस्थेच्या राष्ट्रीय कॉर्पसमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष वापरातील मजकुरांच्या मोठ्या संग्रहात, शब्द कोणत्या नामांबरोबर येतो हेही पाहता येते. ‘पोत्स्तिवी’च्या शेजारी काम आणि ‘ऊप्रिम्नी’च्या शेजारी सहवेदना दिसली की नोंदीपुढे खूण करावी. दोन्हीकडे शब्द सापडला नाही, तर तो चेक असावा किंवा ॲपने बनवलेला असावा, असे समजून खोडून टाकावा.